घरच्या घरी पाण्यातील प्रसूती : हौदामागची व्यवस्था समजून घेताना

नवी दिल्ली : दिवाणखान्याच्या मध्यभागी फुगवलेला हौद, मंद प्रकाश, कोमट पाण्यात गुडघे टेकून बसलेली स्त्री, तिच्या पाठीवर हात ठेवणारा पती आणि काही क्षणांत पाण्यातून अलगद वर येणारे बाळ. ‘वॉटर बर्थ’ या नावाने समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अशा चित्रफिती भारतातही आवडीने पाहिल्या जातात. रुग्णालयातील गर्दी, अनोळखी चेहरे आणि शस्त्रक्रियेची भीती यांच्या तुलनेत हे दृश्य निश्चितच शांत वाटते. मात्र चित्रफितीच्या चौकटीत हौद येतो. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षित प्रसाविका, त्यांच्या हातातील बाळाचे ठोके ऐकण्याचे यंत्र, गर्भारपणातच झालेली निवड आणि गरज पडल्यास दार उघडे ठेवून असलेले रुग्णालय सहसा चौकटीत येत नाही. घरच्या घरी पाण्यातील प्रसूती सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या न दिसणाऱ्या भागात दडलेले आहे.

या पद्धतीचा सर्वाधिक आणि सर्वात नीट नोंदवलेला अनुभव ब्रिटनमध्ये आहे. त्यामुळे ती समजून घ्यायची तर आधी तिकडेच पाहावे लागते.

सुरुवात वेदनाशमनासाठी

प्रसूतीच्या वेळी पाण्याचा वापर हा अलीकडचा शोध नव्हे. मात्र आधुनिक वैद्यकात त्याला स्थान मिळवून दिले ते फ्रान्समधील डॉ. मिशेल ओदाँ यांनी. पॅरिसच्या दक्षिणेकडील पितिव्हिए या लहानशा गावातील सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी १९७०च्या दशकात प्रसूती विभागात पाण्याचा हौद आणला. हेतू एवढाच होता की, कळा असह्य झालेल्या स्त्रीला औषधाशिवाय थोडा आराम मिळावा. पाण्यात बाळ जन्माला यावे, अशी योजना नव्हती. पण काही स्त्रियांना वेळेत बाहेर यावेसेच वाटले नाही आणि बाळे पाण्यातच जन्मली. अशा शंभर जन्मांचा वृत्तान्त ओदाँ यांनी १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आज ज्याला स्वतंत्र पद्धतीचा दर्जा मिळाला आहे, तो मुळात वेदनाशमनाच्या उपायाचा अनपेक्षित परिणाम होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पाण्यात कळा सोसणे आणि पाण्यात बाळाला जन्म देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्याविषयीचा पुरावाही वेगळा आहे.

ओदाँ यांच्या आधी फ्रान्समध्येच डॉ. फ्रेडरिक लबोये यांनी जन्माच्या क्षणी बाळाभोवतीचे वातावरण शांत असावे, प्रकाश मंद असावा आणि जन्मानंतर त्याला कोमट पाण्यात न्हाऊ घालावे, असा आग्रह १९७४ च्या आपल्या पुस्तकात धरला होता. लबोये भारतात येऊन गेले होते. कलकत्त्यात आपल्या बाळाला तेल लावून मालिश करणाऱ्या एका आईची छायाचित्रे त्यांनी घेतली आणि त्यावर ‘शांतला’ हे पुस्तक १९७६ मध्ये काढले. भारतातील घराघरांत आजी रोज सकाळी जे करीत असे, ते अशा रीतीने युरोपातील प्रसूतिविषयक विचाराचा भाग झाले.

ब्रिटनमध्ये या विचाराला शासकीय मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. संसदेच्या आरोग्य समितीने मातृसेवांवरील अहवालात, जेथे शक्य असेल तेथे स्त्रियांना प्रसूतीसाठी हौदाचा पर्याय मिळावा, अशी शिफारस केली. पुढे २००६ मध्ये तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांचे आणि प्रसाविकांचे महाविद्यालय या दोन्ही संस्थांनी संयुक्त निवेदन काढून, गुंतागुंत नसलेल्या निरोगी स्त्रियांसाठी पाण्याचा वापर मान्य केला. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये घरी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण शंभरात दोन-अडीचच्या आसपासच राहिले आहे. म्हणजे जेथे ही सोय शासकीय आरोग्यसेवेतून विनाशुल्क मिळते, तेथेही घर हा बहुसंख्यांचा पर्याय नाही.

पाणी नेमके काय करते

छातीपर्यंत पाण्यात बसल्यावर शरीराचे वजन हलके वाटते. कूस बदलणे, गुडघ्यांवर येणे, ओणवे होणे ही हालचाल जमिनीवर भरल्या पोटाने अवघड असते. पाण्यात ती सहज होते. उष्णतेने पाठीचे आणि ओटीपोटाचे स्नायू सैलावतात. हौदाची कड ही एक प्रकारची सीमाही ठरते. येणारे-जाणारे प्रत्येक जण स्त्रीला हात लावू शकत नाहीत, अकारण तपासणीही कमी होते. हा लाभ कोणत्याही तक्त्यात मोजता येत नाही, पण स्त्रिया अनुभव सांगताना त्याचाच उल्लेख वारंवार करतात.

मोजता येणारा लाभ मात्र माफक आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये १५ चाचण्यांचा आणि ३,६६३ स्त्रियांचा एकत्रित आढावा घेतला. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, पाण्यात बसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी पाठीच्या कण्यातील भूल घेतली. पाण्याबाहेरच्या गटात हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही. बाळावर विपरीत परिणाम झाल्याचेही दिसले नाही. वेदना नाहीशी होते, हा चित्रफितींतून होणारा समज या आकड्यांना धरून नाही. ती सोसणे काहींना सोपे जाते, एवढेच म्हणता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाळंतिणीला कडकडीत पाण्याने न्हाऊ घालण्याची आपल्याकडील प्रथा प्रसूतीनंतरची आहे. कळा सुरू असताना तसे गरम पाणी चालत नाही. आईच्या शरीराचे तापमान वाढले की पोटातील बाळाचे तापमान आणि हृदयाचे ठोकेही वाढतात आणि त्याची प्राणवायूची गरज नेमकी कठीण वेळी वाढते. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाण्याचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये आणि पाण्याचे व आईचे तापमान दर तासाला तपासले पाहिजे.

बाळ पाण्यात श्वास का घेत नाही

पाण्यात जन्मलेले बाळ बुडत कसे नाही, हा पहिला आणि रास्त प्रश्न असतो. गर्भात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून मिळतो. गर्भाशयातील संप्रेरकांचा श्वासाच्या हालचालींवर अंकुश असतो. हवेचा गारवा, स्पर्श आणि वार व नाळ यांच्याकडील रक्तप्रवाहात होणारा बदल यांमुळे पहिला श्वास चेतवला जातो. जन्माच्या क्षणी बाळ शरीराइतक्याच उबदार पाण्यात पूर्ण बुडालेले असेल, तर हा संकेत काही क्षण लांबतो. शिवाय घशाशी पाणी आल्यास श्वासमार्ग आवळून घेणारी प्रतिक्षिप्त क्रियाही नवजात बाळात असते.

मात्र ही सारी संरक्षणे निरोगी बाळाची आहेत. पोटातच प्राणवायू कमी पडत असलेले बाळ धाप लागल्यासारखा श्वास ओढते आणि तो श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पाणी थेट फुप्फुसांत जाते. त्यामुळे पाण्यातील प्रसूतीची खरी अट पाणी नव्हे, तर बाळ सुस्थितीत असल्याची दर काही मिनिटांनी होणारी खात्री ही आहे. जोर देण्याच्या टप्प्यात ब्रिटिश प्रसाविका पाण्यात चालणाऱ्या डॉपलर यंत्राने किमान दर पाच मिनिटांनी ठोके ऐकतात. ठोके मंदावले, तर स्त्रीला उठून बाहेर येण्यास सांगितले जाते आणि त्या वेळी चर्चा होत नाही.

दुसरा नियम असाच कठोर आहे. बाळाचे डोके पाण्याखाली बाहेर आले असेल, तर ते पूर्ण जन्मेपर्यंत पाण्याखालीच राहिले पाहिजे. मध्येच आई उठली आणि डोक्याला हवा लागली, तर पुन्हा पाण्यात बसायचे नाही. उरलेली प्रसूती बाहेरच करायची. जन्मलेले बाळ लगेच, पण हळुवारपणे, चेहरा आधी या क्रमाने वर आणले जाते. घाईने वर ओढल्यास आखूड नाळ ताणली जाऊन तुटू शकते आणि नवजात बाळाच्या अंगात रक्त एवढे थोडे असते की, ती वेळीच चिमट्याने न बांधल्यास नुकसान गंभीर होते.

हा धोका काल्पनिक नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली इंग्लंड आणि वेल्समधील २६ शासकीय आरोग्य संस्थांमध्ये झालेला ‘पूल’ हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणात गुंतागुंत नसलेल्या आणि कळा सोसण्यासाठी पाणी वापरलेल्या ६० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. बांधण्यापूर्वी नाळ तुटण्याचे प्रमाण पाण्यातील जन्मांत हजारी सुमारे दहा, तर पाण्याबाहेरच्या जन्मांत हजारी तीन आढळले. इतर निष्कर्ष दिलासादायक होते. पहिलटकरणींमध्ये गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी गंभीर फाट पाण्यात ४.८ टक्के, तर बाहेर ५.३ टक्के होती. बाळांमधील गंभीर गुंतागुंतही पाण्यात जन्मल्याने वाढली नाही. अर्थात ज्यांच्या प्रसूतीत अडचण आली, त्यांना पाण्याबाहेर काढण्यात आले होते. दोन गटांची तुलना करताना ही बाब विसरून चालत नाही. आणि हा सारा अभ्यास प्रशिक्षित प्रसाविकांच्या देखरेखीखालील प्रसूतींचा आहे. तिच्याविना होणाऱ्या प्रसूतीविषयी तो काहीही सांगत नाही.

तज्ज्ञांत एकमत आहे असेही नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये भूमिका घेतली की, निरोगी स्त्रीने पूर्ण दिवस भरल्यावर पहिल्या टप्प्यात पाणी वापरण्यास हरकत नाही. पण जन्म जमिनीवर, म्हणजे पाण्याबाहेर, व्हावा. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील हा मतभेद मुख्यतः दुसऱ्या टप्प्यापुरता आहे. कळा सोसण्यासाठी पाणी वापरण्यावर दोन्हीकडे फारसा वाद नाही.

घर आणि रुग्णालय यांमधील अंतर

पाण्याचा प्रश्न आणि घराचा प्रश्न वेगळा करून पाहायला हवा. घरी प्रसूतीबाबतचा ब्रिटनमधील मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या ६४ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. ज्यांची आधी प्रसूती झालेली होती, त्यांच्या बाळांसाठी घर आणि रुग्णालय यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र मृत्यू, मेंदूला इजा आणि तत्सम गंभीर घटनांचे एकत्रित प्रमाण घरी हजारी ९.३, तर रुग्णालयातील प्रसूती विभागात हजारी ५.३ होते. घरी प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना प्रसूतीदरम्यान किंवा त्यानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ असा की, तेथे पहिल्या बाळासाठी घरी हौद मांडणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांचा प्रवास रुग्णवाहिकेत संपतो आणि त्यांतील बहुतेक माता व बाळे सुखरूप असतात, ती त्या प्रवासामुळेच. घरची प्रसूती म्हणजे रुग्णालयाला नकार, असे तेथे कोणी मानत नाही. ती रुग्णालयाचीच बाहेर आलेली एक शाखा असते. कायद्यानेही नोंदणीकृत प्रसाविका किंवा डॉक्टर यांच्याखेरीज इतरांना आणीबाणीचा प्रसंग सोडून प्रसूती करण्यास तेथे मनाई आहे. पती हात धरू शकतो, पाठ चोळू शकतो. प्रसाविकेची जागा घेऊ शकत नाही.

निवडही आधीच होते. उच्च रक्तदाब, जुळी बाळे, पायाळू बाळ, ३७ आठवड्यांपूर्वीच्या कळा, रक्तस्राव, फिट येण्याचा विकार, अंगात ताप, बाळाने पोटातच शी केल्याने गढूळ झालेले गर्भजल, यांपैकी काहीही असल्यास हौद बाद ठरतो. अफूवर्गीय वेदनाशामक दिल्यानंतर दोन तास किंवा गुंगी असेपर्यंत पाण्यात उतरता येत नाही.

हौद, पाणी आणि वजन

घरगुती वापराचा फुगवता येणारा हौद साधारण ६५० लिटर पाणी घेतो. त्यासोबत प्रत्येक वेळी नवे अस्तर, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी नवी नळी, नळाला बसणारी जोडणी, तापमापक, चाळणी, पाणी उपसणारा पंप आणि जमिनीवर अंथरायचे जाड प्लास्टिक लागते. ब्रिटिश घरांत गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचे गरम पाणी थेट नळाला येते. भारतीय घरात हे गणित निराळे होते आणि ते मांडून पाहण्यासारखे आहे.

२५ अंशांचे ६५० लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे नऊ युनिट वीज लागते. नेहमीचा दोन किलोवॅटचा गिझर अखंड चालला, तरी त्यास साडेचार तास हवेत. दिल्लीच्या हिवाळ्यात टाकीतील पाणी १५ अंशांचे असेल, तर हाच वेळ आठ तासांवर जातो आणि या काळात भरलेले पाणी निवत राहते, ते वेगळेच. दुसऱ्या खेपेची प्रसूती अनेकदा याहून कमी वेळात आटोपते. चुलीवर पाणी उकळून घालायचे म्हटले, तर शंभरएक लिटर उकळते पाणी स्वयंपाकघरातून भरलेल्या खोलीत वाहून न्यावे लागेल. भाजण्याचा धोका कोणाला, हे सांगायला नको. छतावरची टाकी हजार लिटरची असेल, तर तिचा दोन तृतीयांश भाग एका हौदात जाईल.

वजनाचा विचार त्याहून कमी केला जातो. हौदात ५५ सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५५० किलोचा भार येतो. भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांची फरशी चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतक्या भारासाठी धरली जाते. हा भार संपूर्ण खोलीवर पसरलेला मानला असल्याने एका कोपऱ्यातील हौदाने स्लॅब कोसळेलच असे नव्हे. पण जुन्या चाळीत, लाकडी तुळयांच्या वाड्यात किंवा गळक्या स्लॅबवर अभियंत्याला विचारल्याशिवाय तो मांडणे धाडसाचे होईल. तळमजला हा त्यातल्या त्यात बरा. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू, विस्तार-तार किंवा खोलीतील हीटर हौदाजवळ असता कामा नये.

हौद आधीच भरून ठेवावा, हा यावर सुचणारा सोपा उपाय, आणि नेमका तोच सर्वात घातक. कोमट, साठलेले पाणी लिजिओनेला या जिवाणूच्या वाढीस पोषक असते. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान तो वाढतो आणि त्यातून होणारा न्यूमोनिया नवजात बाळाला जीवघेणा ठरू शकतो. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये घरच्या हौदात जन्मलेल्या एका बाळाला हा आजार झाल्यावर आरोग्य यंत्रणेने तातडीचा इशारा काढला. हीटर आणि पंप लावून कित्येक दिवस आधी भरून ठेवायचे हौद घरच्या प्रसूतीसाठी वापरू नयेत, कळा सुरू झाल्यावरच हौद भरावा, असे त्यात सांगण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सासमध्ये पाण्यात जन्मलेले एक अर्भक याच संसर्गाने दगावले. २०१६ मध्ये ॲरिझोनात आणखी दोन बाळांना त्याची लागण झाली. उन्हात तापणाऱ्या, वर्षानुवर्षे न धुतलेल्या छतावरच्या टाक्या ज्या देशात सर्वत्र आहेत, तेथे या इशाऱ्याचे महत्त्व अधिकच आहे. पाणी दिसायला स्वच्छ असणे हा येथे निकष नाही.

कळा सुरू झाल्यानंतर

प्रसाविका सहसा कळा नियमित आणि जोमदार झाल्यावर पाण्यात उतरण्याचा सल्ला देतात. फार लवकर उतरल्यास कळा कधी कधी मंदावतात, असा त्यांचा अनुभव आहे. तसे झाल्यास बाहेर येऊन थोडे चालायचे. पोट पाण्याखाली राहील एवढी खोली हवी, अन्यथा तरंगण्याचा लाभ मिळत नाही. आई भरपूर पाणी पिते, कारण कोमट पाण्यात घाम जाणवत नाही. स्त्रीला हौदात क्षणभरही एकटे सोडायचे नसते.

बाळ जन्मल्यानंतर अनेक जणी वार पडण्यासाठी बाहेर येतात. रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन बाहेर देणे सोयीचे असते, आणि दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पाण्यात किती रक्त गेले, याचा अंदाज अनुभवी डोळ्यालाही नीट येत नाही. अर्धा लिटर रक्त जमिनीवर भयावह दिसते, ६५० लिटर पाण्यात ते केवळ गुलाबी छटा आणते. बाळाचा खांदा अडकणे किंवा आईला भोवळ येणे या दोन प्रसंगांची तालीम प्रसाविका प्रशिक्षणातच करतात. ओलीचिंब, शुद्ध हरपलेली स्त्री हौदाबाहेर उचलून काढणे घाबरलेल्या दोन नातेवाइकांना जमणारे काम नव्हे.

भारतात प्रश्न उलट्या बाजूने येतो

युरोपात घरची प्रसूती हा वैद्यकीय व्यवस्थेच्या अतिरेकावरचा प्रतिसाद होता. भारताने मात्र गेल्या दोन दशकांत घरातून रुग्णालयाकडे जाण्याचा प्रवास केला आहे आणि त्याने जीव वाचले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के आहे. लाखामागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले.

घरी होणाऱ्या प्रसूतींत काय घडते आणि काय करता येते, याचा जगभर उल्लेख होणारा अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, बाळाला उबेत ठेवणे ही कौशल्ये शिकलेली व्यक्ती झोपडीत हजर असणे, हाच तेथील फरक होता. हौद, दिवे किंवा महागडी साधने नव्हती.

अशी व्यक्ती नसताना काय होते, हेही पुढे आले आहे. तमिळनाडूत २०१८ मध्ये आणि केरळात २०२४ व २०२५ मध्ये, कुशल वैद्यकीय मदतीविना घरी करण्यात आलेल्या प्रसूतींत मातांचे मृत्यू झाले आणि पोलिसांनी गुन्हे नोंदवले. तमिळनाडूतील घटनेत चित्रफिती पाहून प्रसूती करण्याचा प्रयत्न झाल्याचे वृत्त होते. केरळ हे जवळपास सर्व प्रसूती रुग्णालयात होणारे राज्य आहे. तेथे हे घडावे, याचा अर्थ ही निवड केवळ दारिद्र्यातून किंवा दुर्गमतेतून होत नाही.

रुग्णालयांकडे पाठ फिरवण्याची कारणे मात्र खोटी नाहीत. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के जन्म शस्त्रक्रियेने होतात आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आहे. प्रसूती कक्षात ओरडून बोलणे, आईला किंवा बहिणीला आत न येऊ देणे, कळा सोसताना पाठीवर झोपवून ठेवणे या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्या दूर करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा प्रसूती कक्षांच्या दर्जाचा कार्यक्रम सुरू केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन, रुग्णालयातच प्रसाविकांनी चालवलेले कक्ष उभारायचे आहेत. हैदराबादसारख्या शहरांत अशा प्रशिक्षणाचे काम सुरू आहे. या योजनेचा भर रुग्णालयातील सौम्य प्रसूतीवर आहे. शासकीय प्रसाविका घरी येऊन हौदाशेजारी बसेल, अशी व्यवस्था त्यात नाही आणि ब्रिटनशी तुलना करताना हा मूलभूत फरक आहे.

पाण्याचा लाभ ज्या स्त्रियांना हवा आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग उपलब्ध आहे. पहिल्या टप्प्यात घरी किंवा रुग्णालयाच्या न्हाणीघरात, कोणी तरी सोबत असताना, कमरेवर कोमट पाण्याची धार घेता येते. मात्र पाणमोट फुटली असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत वेदनाशमनासाठी मालिश व गरम शेक, मोकळी हालचाल आणि स्त्रीच्या पसंतीची सोबत यांचा समावेश आहे. मोठ्या शहरांतील मोजक्या खासगी प्रसूतिगृहांत हौदाची सोयही आहे. तेथे नाव नोंदवण्यापूर्वी दराची चौकशी सगळेच करतात. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत : कळा सुरू असताना सलग जवळ कोण असेल आणि तिचे प्रशिक्षण कोणते, बाळाचे ठोके किती वेळाने ऐकले जातील, दोन प्रसूतींच्या मधे हौद आणि त्याच्या नळ्या कशा निर्जंतुक केल्या जातात, शस्त्रक्रियागृह त्याच इमारतीत आहे की रस्त्यापलीकडे, आणि रक्ताची गरज पडली, तर मध्यरात्री ते किती मिनिटांत मिळेल.